तीन नंबरची डिस्क

सिद्धगड पायथा, ता. मुरबाड
१० जानेवारी २०२५

अक्षदा बाय,

मंगळू भाजीचा टेम्पो घेऊन उद्या शहापूरच्या बाजारात येतोय. त्याच्या हाती पत्र्याचा डबा देतोय. आत चार हार्ड डिस्क आहेत. मंगळूला तीनदा सांगितलंय की डबा मांडीवर घेऊन बस. तो म्हणतो, मग गाडी कोण चालवणार.

तुझ्या आईचा चुलतभाऊ असून मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, आणि तेही कामासाठी. राग मानू नको. तू वाशिंदच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळतेस हे ताईकडून कळलं. मीपण एक सर्व्हर सांभाळतो, म्हणजे सांभाळत होतो. वीज खात्यातून रिटायर झाल्यावर कल्याणहून जुना कंप्युटर आणला, त्यात चार डिस्क बसवल्या आणि ओटीवर वायफाय लावला. आमच्याकडे रेंज वरच्या माळावर गेलं तरच. पण ओटीवर येऊन बसलं की कुणालाही आपल्या मोबाइलवर मशीनमधलं सगळं दिसतं. नेट लागत नाय.

दोन तारखेला दोन नंबरची डिस्क टकटक आवाज करून गेली. मी काढली, परत लावली. मशीनने आपोआप रिपेअर सुरू केलं. मग तीन नंबरचा लाल दिवा लागला. तीन नंबरला मी तीनदा ट्राय घेतला, टिकली नाय. मग सगळं बंद केलं.

आत फार काय नाय. फोटो, गावातल्यांचे सातबारे, दाखले, माझे पेन्शनचे कागद. निघालं तर बरं, नाय तर नाय. तुझ्या मामीला सांगितलंय की मशीन सर्व्हिसिंगला दिलंय. ती आधीच ऑपरेशनने खचलेली, तिला उगाच ताप नको.

कोंडूमामा


शहापूर
१३ जानेवारी २०२५

मामा, नमस्कार.

डबा शनिवारी मिळाला. डिस्क आंब्यासारख्या पेंढ्यात भरल्या होत्या. धक्क्यासाठी ते चांगलं होतं, पण प्रत्येक डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं आणि पेंढ्याची धूळ त्याच्याजवळ नको. ब्रशने साफ करायला चाळीस मिनिटं लागली. पुढच्या वेळी आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.

आता परिस्थिती सांगते. तुमच्या संचाची रचना अशी आहे की चारपैकी कुठलीही एक डिस्क गेली, तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातली माहिती पुन्हा तयार करता येते. दोन गेल्या तर येत नाही. दोन नंबर पूर्ण मेली आहे. एक आणि चार ठीक आहेत. म्हणजे सगळं तीन नंबरवर अवलंबून आहे, आणि ती काही जागी वाचता येत नाही. मशीनने रिपेअर सुरू केलं तेव्हा तिच्यावर ताण आला. तुम्ही घेतलेल्या तीन ट्रायने तो वाढला. विजेची लाइन पुन्हा चार्ज, म्हणजे सुरू करून बघता येते. डिस्कच्या बाबतीत दर वेळी आतल्या तबकड्या पुन्हा फिरतात आणि जखम वाढू शकते. ही चूक होती.

पण एक गोष्ट लिहिणं भाग आहे. प्रत्येक डिस्कला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली होती. तीन नंबरची अशी: “८/१/२५, सकाळी ११.१०. तिसरा ट्राय फेल. यापुढे चार्ज करू नये. कोंडू.” खालच्या ओळीत कुठल्या खणातून काढली, कुठली वायर होती. आमच्याकडे पदवीवाली माणसं अशा वेळी पंधरा वेळा चालू-बंद करतात आणि मग मला बोलावतात, आणि काय केलं ते कुणी सांगत नाही. तुम्ही थांबलात म्हणून काही करता येण्यासारखं उरलं आहे.

मी तिन्ही डिस्कच्या नव्या डिस्कवर नकला घेणार आहे. मूळ डिस्कवर काहीही लिहिणार नाही. तीन नंबरच्या वाईट जागा आधी सोडून देईन. त्या जागी पुन्हापुन्हा जायचं का, हा निर्णय नंतरचा आहे, कारण त्यात डिस्क मरू शकते. त्यासाठी मला कळलं पाहिजे की आत सर्वांत महत्त्वाचं काय आहे. फोनवर नको, लिहून कळवा.

अक्षदा


सिद्धगड पायथा
१७ जानेवारी २०२५

अक्षदा बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चूक ती चूक. आमच्या सेक्शनला सवयच तशी. लाइन ट्रिप झाली की थोडं थांबून पुन्हा चार्ज करून बघायची. फांदी लागून गेली असली तर लाइन टिकते. तीनदा टिकली नाय तर हात लावायचा नाय, पायी लाइन फिरून फॉल्ट शोधायचा. माझ्याबरोबरचा एक गडी चौथ्यांदा चार्ज करायला गेला होता, तो परत आला नाय. तेव्हापासून चौथ्यांदा मी कशालाच जात नाय. तुझी मामी म्हणायची, जेवायलापण तीनदाच विचारतो.

चिठ्ठ्यांचं कौतुक केलंस ते वाचून बरं वाटलं. खांबावर चढायच्या आधी खाली स्विचला आपल्या नावाचा टॅग लावायचा, म्हणजे दुसरा कोण चालू करत नाय. ती सवय.

महत्त्वाचं काय विचारतेस तर सातबारे धर. त्यातले पुष्कळसे तहसीलला परत मिळतात म्हणा. तू जास्त खटपट करू नको. तुलापण नोकरी आहे. निघेल तेवढं बास.

कोंडूमामा


शहापूर
२ फेब्रुवारी २०२५

मामा, नमस्कार.

नकला झाल्या. एक आणि चार पूर्ण. तीन नंबरचे सुमारे नऊ एमबी सोडून बाकी सगळं निघालं. तीन नकला जोडून संच चालू केला आणि तो चालला.

सातबारे, दाखले, पेन्शनचे कागद हे सगळं शाबूत आहे. मी प्रत्येक फाइल उघडून पाहिली. ज्या पद्धतीने तुम्ही ते लावलं आहे, त्यावर मला काही बोलायला जागा नाही. एकशे बारा घरांचे कागद, घराच्या नावाने, आत वर्षाच्या क्रमाने, आणि एकही फाइल चुकीच्या जागी नाही. आमच्या कारखान्यात हे काम करायला पगारी माणूस आहे आणि त्याला ते जमत नाही.

एका वेगळ्या फोल्डरचं नाव फक्त “चं” आहे. त्यात ४१२ आवाजाच्या फाइली आहेत, त्यांना नुसते आकडे दिलेले. तुम्ही त्यांचा उल्लेख केला नव्हता, म्हणून खासगी समजून मी त्या उघडल्या नाहीत. त्यातल्या एकतीस फाइली खराब जागांवर आहेत. कागद सुरक्षित असल्यामुळे आणि तुम्ही खटपट नको म्हटल्यामुळे मी इथेच थांबते. नवा संच पुढच्या शनिवारी मंगळूबरोबर पाठवेन. तीन नंबरची मूळ डिस्क आता कामाची नाही. टाकून देऊ का, एवढं कळवा.

अक्षदा


सिद्धगड पायथा
६ फेब्रुवारी २०२५

अक्षदा बाय,

मी तुझी मामी, चंद्रकला. अक्षर वाईट आहे ते चालवून घे. चौथी पास आहे, पण दोन वर्षं पाटीवर लिहूनच बोलते म्हणून हात वळलाय. तुझं पत्र मंगळूने माझ्या हातात दिलं, हे माळावर फोन करायला गेले होते. मी फोडलं, आता परत चिकटवून त्यांना देते. डिस्क टाकू नको.

यांना वाटतं मना काय माहीत नाय. माझा आवाज गेलाय गो, कान नाय गेले. ती डिस्क टकटक करत होती तेव्हा मी चुलीपाशीच होते. त्या दिवशी हे जेवले नाय. दुसऱ्या दिवशी म्हणतात, सर्व्हिसिंग. स्कूटर हाय का ती? मी पाटीवर काय लिहिलं नाय. त्यांना लपवू दे, तेवढंच त्यांना बरं वाटतं.

“चं” म्हणजे मी. तुला ठाऊक असेल, मी धवलारीण होते. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवलारीण गाते, ती गाईल तसं काम पुढं जातं. तीस वर्षं गायले. हे कुठल्याही मांडवात माझ्या पाठी रेकॉर्डर घेऊन बसायचे. बाया हसायच्या, म्हणायच्या, बायकोवर नजर ठेवायला आलाय. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि जे उरलं ते त्या मशीनमधी.

आमची गाणी वहीत नसतात. कानाने घ्यायची. तीन बाया माझ्याकडे शिकायला येतात. गाणं लावते, त्या म्हणतात, चुकल्या की मी हात वर करते. त्यातली रंगू बरी. बाकीच्या दोघींचं लक्ष मोबाइलमधी. १८ एप्रिलला भाविकाचं लग्न हाय, आमच्या शेजारची. रंगू तिथं पहिल्यांदा उभी राहणार. तिची अजून पन्नास-साठ गाणी व्हायची हायेत. महिना झाला, ती येते, बसते, चहा पिऊन जाते. भाविकाचा भाऊ म्हणतो, नायतर डीजे सांगू.

ते सातबारे तहसीलमधी हायेत. हे कुठं हायेत?

तू यांना कळवू नको की मी लिहिलं. तुझं लग्न ठरलं की सांग, तुझ्या हळदीला कुणीतरी गायला पाहिजे.

चंद्रकला


शहापूर
८ फेब्रुवारी २०२५

मामी, नमस्कार.

डिस्क टाकलेली नाही. पत्र लिहिलं त्याच दिवशी टाकायची असं ठरवलं असतं, तरी मामांच्या उत्तराशिवाय टाकली नसती. माझं ते नेहमीचं आहे.

फोल्डर न उघडण्यात माझी चूक झाली. सभ्यपणा समजून मी तो उघडला नाही, आणि त्यामुळे चुकीची गोष्ट महत्त्वाची धरली.

तीन नंबर पुन्हा चालू करते आहे. पद्धत सांगते. दिवसातून दोनच तास, मग विश्रांती. खराब जागेजवळ आतापर्यंत पुढच्या बाजूने गेले, आता उलट्या बाजूने मागे वाचत येईन. पुष्कळदा जखमेची दुसरी कड वाचता येते. किती निघेल याचं वचन देत नाही. डिस्क मधेच मेली, तरी आजवर निघालेलं माझ्याकडे सुरक्षित आहे, ते कमी होणार नाही. शाबूत ३८१ गाणी आत्ताच एका पेनड्राइव्हवर घालून पाठवते. शेजारच्या टीव्हीला लावली तरी वाजतील. रंगूताईंना थांबवू नका.

मी मामांना खोटं सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं नाही तर आपणहून सांगणारही नाही.

लग्नाचं काही ठरलेलं नाही.

अक्षदा


शहापूर
९ मार्च २०२५

मामा, नमस्कार.

तुम्ही “टाकून दे” असं कळवलं नाहीत, म्हणून मी काम चालू ठेवलं. नाहीतरी ठेवलं असतं. तीन नंबर तेवीस दिवस चालली. चोविसाव्या दिवशी फिरायची थांबली. तोवर नऊ एमबीतले फक्त ६४० केबी उरले होते, तीन ठिकाणी. २२४ केबी रिकाम्या जागेत आहेत, त्यांचं काही नुकसान नाही. ११२ केबी एका फोटोत आहेत: शाळेचं स्नेहसंमेलन, फोटोचा उजवा कोपरा करडा झाला आहे, त्यात माणसं नाहीत, पडदा होता. उरलेले ३०४ केबी एका गाण्यात आहेत.

ते गाणं क्रमांक १८७. त्या फोल्डरमधल्या तुमच्या यादीत त्यासमोर “हळद दळताना” असं लिहिलं आहे. चार मिनिटं बारा सेकंदांपासून चार मिनिटं एकतीस सेकंदांपर्यंतचा भाग गेला. मी सगळे मार्ग वापरले. तो परत येणार नाही. मूळ फाइल तशीच लावली, तर गाणं तिथे उडी मारून पुढे जातं आणि शिकणाऱ्याची लय चुकेल. म्हणून ऐकण्याच्या प्रतीत मी तिथे बरोबर एकोणीस सेकंदांची शांतता घातली आहे. गाण्याची लांबी होती तेवढीच राहील. मूळ फाइलला हात लावलेला नाही.

बाकी ४११ गाणी पूर्ण आहेत. तपासणी केली. प्रत्येक फाइलची सुरुवात आणि शेवट ऐकला की ती पूर्ण आहे हे कळतं.

नव्या संचात चारऐवजी पाच डिस्क आहेत. आता दोन गेल्या तरी चालेल. शिवाय एक वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे. ती मशीनच्या शेजारी ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा. लाल दिवा लागला तर ट्राय घेऊ नका. एकदाही नाही.

तुमचे टॅग परत पाठवते आहे. नव्या डिस्कना मीही तसेच लावले आहेत. आमच्या कारखान्यातही सुरू केले. वरिष्ठांनी विचारलं, ही कुठली पद्धत. मी सांगितलं, लाइनमनची.

तुम्ही रेकॉर्डिंग कशी केलीत त्याबद्दल: मांडवात वारा, भांडी, मुलं, बँड हे सगळं असताना आवाज मात्र जवळून आणि स्वच्छ आला आहे. तीस वर्षांत रेकॉर्डर चार वेळा बदलला असावा, ते ऐकून कळतं. गाणारीपासूनचं अंतर बदललेलं नाही. हे सोपं नाही.

अक्षदा


सिद्धगड पायथा
२० एप्रिल २०२५

अक्षदा बाय,

नवा संच मिळाला त्याच दिवशी लिहायला पाहिजे होतं. पण लग्न पार पडल्याशिवाय हात लेखणीला जाईना. आता सगळं एकदम लिहितो.

डिस्क बसवून मशीन ओटीवर लावलं, दिवे हिरवे झाले. तुझी मामी आली, बघितलं आणि पाटीवर लिहिलं, “सर्व्हिसिंग झाली का?” आणि हसायला लागली. तिचं हसणं आता ऐकू येत नाय, खांद्यांवरून कळतं. मग तिने सगळं सांगितलं, म्हणजे लिहिलं, दोन पाट्या भरून. दोन महिने मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. मी म्हटलं, मग मी रोज माळावर जाऊन कुणाला फोन करत होतो ते तरी विचारायचंस. तिने लिहिलं, “रडायला जात होतात, त्यात काय विचारायचं.”

तुला मी खरं सांगितलं नाय त्याची लाज वाटते. गाणी महत्त्वाची असं कागदावर लिहिलं असतं आणि तू म्हणाली असतीस की गेली, तर ते वाचायची ताकद नव्हती. सातबारे गेले असते तर चाललं असतं, म्हणून सातबारे लिहिले.

आता एक विचारतो. तू लिहिलंस की सुरुवात-शेवट ऐकला की तपासणी होते. मग १४३ नंबरच्या गाण्याला तू बरोबर मधोमध खूण कशी केलीस, की इथं मागं कोणीतरी दोनदा शिंकतं, बिघाड समजू नये? आणि २९० ला? आणि ३६६ ला की मामी इथं हसू दाबते? बाय, तू सगळी ऐकलीस. चारशे अकरा.

लग्नाचं सांगतो. हळद दळायची दुपारी होती, सतरा तारखेला. जातं मांडलं, पाच बाया बसल्या, मांडवात स्पीकर. रंगूच्या हातात घामाने रुमाल भिजलेला. ठरलं असं की गाणं लावायचं आणि तिने त्याच्याबरोबर म्हणायचं. म्हणजे पडली तर सावरायला आवाज आहे. १८७ लागलं.

तुझे ते एकोणीस सेकंद कुठं येतात ठाऊक आहे? तिथं धवलारीण दळायला बसलेल्या बायांची नावं घेते. ज्या घरचं लग्न त्या घरच्या आत्या, मावश्या, काकवा. त्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्याच घरची नावं होती, बावीस वर्षांपूर्वीची. नावं संपली की दोन ओळी येतात, त्या मात्र नेहमीच्याच. त्यापण गेल्या.

मला वाटलं, त्या शांततेचं तुझ्या मामीने रंगूला सांगितलंय. तुझ्या मामीला वाटलं, मी सांगितलंय. कुणीच सांगितलं नव्हतं. शिकवणीत ते गाणं तिने पेनड्राइव्हच्या आधीच, म्हणजे जुन्या मशीनवर केलेलं. स्पीकर गप झाला. मंगळू म्हणाला, गेला वाटतं, आणि वायर हलवायला उठला. तुझ्या मामीने त्याच्या हातावर चापट मारली. मी घड्याळाकडे बघत होतो.

रंगू थांबली नाय. तिला कळलंच नाय की दुसरा आवाज गेलाय. तिने भाविकाच्या आत्यांची नावं घेतली, सकुबाई, बाईजा, मग मावशी, मग त्या दोन ओळी. जात्यावरच्या बाया तिच्या मागून म्हणत होत्या. मग स्पीकरमधून चंद्रकलाचा आवाज परत आला आणि दोघी एका शब्दावर आल्या. एका शब्दावर, बाय. मी तीस वर्षं लाइनवर काम केलं, दोन फीडर, म्हणजे दोन बाजूंच्या लाइनी, असे जुळताना फार थोड्या वेळा बघितलेत.

तुझ्या मामीचा हात मांडीवरच होता. तिने तो वर केला नाय.

मी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. मेमरी कार्ड या पत्रात आहे. माझं म्हणणं असं, की रंगूचे ते एकोणीस सेकंद कापून १८७ मध्ये बसव. म्हणजे गाणं पुरं होईल, भोक राहणार नाय. तुला येईल ते.

कोंडूमामा


शहापूर
२३ एप्रिल २०२५

मामा, नमस्कार.

तपासणीला तेवढं ऐकावं लागत नाही, हे बरोबर आहे.

कार्ड मिळालं. एकोणीस सेकंद कापून बसवणं दहा मिनिटांचं काम आहे आणि ऐकणाऱ्याला जोड कळणार नाही. म्हणूनच मी ते करणार नाही. १८७ हे मामींचं गाणं आहे, त्या दिवशीचं, त्या घरचं. त्यात भाविकाच्या आत्या बसत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणी ते ऐकलं, तर त्याला वाटेल की मामी असंच गायल्या. जे गेलं ते गेलं, असं यादीत लिहिलेलं असावं. आणि रंगूताईंचं गाणं हे कुणाच्या गाण्यातलं ठिगळ नाही. ते अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे, पूर्ण आहे, आणि मी ते तसंच नव्या फाइलीत ठेवलं आहे.

त्याला क्रमांक ४१३ दिला आहे. नव्या संचात जागा पुष्कळ आहे.

मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये वारा फार आला आहे. तुमच्या जुन्या कामाशी त्याची तुलना होत नाही, आणि ते तुम्हालाही ऐकून कळलं असेल. रविवारी, २७ तारखेला, मी येते. माइक आणि स्टँड माझ्याकडे आहे. किती अंतरावर बसायचं ते मला तुमच्याकडून शिकायचं आहे. रंगूताईंना वेळ असेल तर जेवढी गाणी येतात तेवढी घेऊ. बाकीच्या दोघींनाही बोलवा. मोबाइल बाहेर ठेवायला सांगा.

एक काम तुमच्याकडे आहे. तुमच्या यादीत “कोणी गायलं” असा शेवटचा रकाना आहे. वरपासून खालपर्यंत ४१२ ओळींत एकच नाव आहे, आणि बहुतेक ठिकाणी तुम्ही ते न लिहिता वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं दिली आहेत. ४१३ समोर तो रकाना मी कोरा सोडला आहे. तिथे टिंबं चालणार नाहीत. पूर्ण नाव कसं लिहायचं ते रंगूताईंना विचारून ठेवा.

अक्षदा